तिसऱ्याचं काय झालं?



सुरुवात पंचांगापासून करतो. जुलै १९६९ मधली अमावास्या १४ तारखेला झाली. २० तारखेला आषाढ शुद्ध पक्ष चालू होता, आषाढी एकादशी चार-पाच दिवसांवर आली होती आणि चंद्र अजून अर्धाही भरला नव्हता. असा चंद्र मध्यरात्रीच्या आधीच मावळतो. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांचं यान चंद्रावर टेकलं, तेव्हा आपल्या घड्याळात रात्रीचा १ वाजून ४७ मिनिटं झाली होती आणि तारीख २१ लागली होती. त्या वेळी वणीच्या आकाशात चंद्र नव्हता. सोमवारी सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी आर्मस्ट्राँगने पाय खाली ठेवला, तेव्हाही नव्हता. उगवायला अजून दोन-तीन तास होते, आणि उगवल्यावरही वर पावसाळी आभाळ. माणूस चंद्रावर होता आणि आपल्याला वर बघायचीही सोय नव्हती.

दूरदर्शन तेव्हा फक्त दिल्लीत होतं. मुंबईला ते २ ऑक्टोबर १९७२ ला आलं आणि विदर्भात त्याहून कितीतरी उशिरा. आपल्याकडे होता रेडिओ आणि नागपूरहून येणारा 'तरुण भारत'. त्या आठवड्यात बातम्यांना तोटा नव्हता. १९ जुलैला इंदिराबाईंनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं होतं आणि मोठी माणसं त्याच्यावरच भांडत होती. लोकनायक बापूजी अण्यांचं हे जन्मगाव. इथे राजकारणावर कोणीही कितीही वेळ बोलतो, आकाशावर बोला म्हटलं की घसा खाकरतो.

ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, ते याला अपवाद होते. पण सरांविषयी दरवर्षी बोललं जातं, म्हणून मी त्यांच्या आवडीच्या विषयावर बोलणार आहे. अमेरिकेच्या त्या पहिल्या अंतराळवीरांवर आपल्या पिढीचा एवढा जीव का जडला? यातला एकही माणूस आमचा नव्हता. त्यांची भाषा कळत नव्हती, त्यांचा देश आमच्या देशाशी धड वागत नव्हता. तरी जडला. माझं म्हणणं असं की काही दिसलं नाही, म्हणूनच जडला. ज्यांनी तो प्रसंग पडद्यावर पाहिला, त्यांच्या लक्षात झेंडा आणि उड्या राहिल्या. आम्ही ऐकला आणि वाचला, तेव्हा आमच्या वाट्याला माणसं आली.

आमच्या घरी बातमी मोठ्याने वाचली जायची. दोघं उतरले, तिसरा वर फिरत राहिला, एवढं ऐकून आजीने विचारलं, "अन् त्या तिसऱ्याचं काय झालं? त्याले काऊन नाई उतरवलं?" वडील म्हणाले, "गाडीपाशी कोणीतरी थांबाले पायजे ना." आजीला ते पटलं, पण समाधान झालं नाही. पुढचे तीन-चार दिवस पेपर आला की ती आधी तिसऱ्याचं विचारायची. बाकीच्या दोघांचं तिला काही पडलेलं नव्हतं.

तो तिसरा म्हणजे मायकेल कॉलिन्स. कोलंबिया नावाच्या यानात तो एकटा चंद्राभोवती फिरत होता. एका फेरीला सुमारे दोन तास लागायचे आणि त्यातली ४८ मिनिटं यान चंद्राच्या पलीकडे असायचं. तेवढा वेळ पृथ्वीशी बोलणं बंद, खालच्या दोघांशीही बंद. वर्तमानपत्रांनी त्याला जगातला सर्वांत एकटा माणूस ठरवलं. त्याने मात्र १९७४ साली लिहिलेल्या 'कॅरिंग द फायर' या पुस्तकात स्वच्छ सांगितलं आहे की एकटेपणा त्याला बोचला नाही. भीती वेगळीच होती आणि ती सहा महिने पोटात होती: खालचं इंजिन सुरूच झालं नाही तर? दोघांना तिथे सोडून आपल्याला एकट्याला परत जावं लागलं तर? परत तर तो आलाच असता. पण जन्मभर लोकांनी आपल्याकडे कसं बघितलं असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

मी नोकरीची सगळी वर्षं कोळशाच्या खाणीत काढली, त्यातली बरीचशी सुरक्षेच्या कामात. राजूर, भांदेवाडा, कुंभारखणी ही नावं या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नकोत. तुमच्यातल्या अनेकांच्या घरात कोणीतरी भूमिगत खाणीत उतरलेलं आहे. पाळी सुटते, माणसं वर येतात, लॅम्प रूममध्ये बत्त्या परत होतात, आणि एक बत्ती आलेली नसते. नव्वद वेळा कारण साधंच असतं. कोणी गप्पा मारत मागे राहिलेलं असतं, कोणाची चप्पल तुटलेली असते. पण ती बत्ती येईपर्यंत वर थांबलेल्या माणसाच्या पोटात जे होतं, ते कॉलिन्सने लिहिलंय. त्यामुळे आजीचा प्रश्न मला कधीच भाबडा वाटला नाही.

आता खालच्या दोघांकडे येतो. आर्मस्ट्राँग हा बोलका माणूस नव्हता, आणि आम्हाला त्याचं मौन फार भारदस्त वाटायचं. पुढे त्याच्याविषयी वाचत गेलो तसं कळलं की ते भारदस्त वगैरे काही नव्हतं, कामाच्या माणसाचं होतं. मे १९६८ मध्ये चंद्रावर उतरण्याचा सराव करायच्या उडत्या सांगाड्याचा ताबा सुटला. जमिनीपासून सुमारे २०० फुटांवर तो आसनासकट बाहेर फेकला गेला, पॅराशूट उघडलं, यंत्र खाली कोसळून पेटलं. त्याची जीभ चावली गेली, बाकी काही नाही. त्याच दिवशी तो आपल्या टेबलाशी बसून कागद बघत होता. सहकारी ॲलन बीन याला दुसऱ्या कोणाकडून बातमी कळली आणि तो खरं-खोटं करायला आर्मस्ट्राँगच्या खोलीत गेला, तर याने हो म्हटलं आणि कागदांत परत डोकं घातलं.

उतरतानाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: संगणकाने १२०२ क्रमांकाचा इशारा दिला, खाली दगडधोंडे दिसले, इंधन संपत आलं, आर्मस्ट्राँगच्या हृदयाचे ठोके दीडशेवर गेले. मला यात दुसराच माणूस जवळचा वाटतो. १२०२ म्हणजे काय, हे त्या घाईत कोणाला चटकन आठवेना. ह्यूस्टनमध्ये जॅक गारमन नावाचा २४ वर्षांचा मुलगा मागच्या खोलीत बसला होता. थोड्याच दिवसांपूर्वीच्या सरावात असाच एक इशारा आला आणि उतरणं विनाकारण रद्द झालं. तेव्हा वरिष्ठांनी सगळ्या इशाऱ्यांचा अर्थ लिहून काढायला लावला. गारमनने ती यादी हाताने लिहिली आणि टेबलावरच्या काचेसारख्या प्लास्टिकखाली सरकवून ठेवली. संगणकावर कामाचा बोजा झालाय, पण तो महत्त्वाचं काम सोडत नाहीये, इशारा सतत येत नसेल तर पुढे जा, असं त्या यादीवरून त्याने स्टीव्ह बेल्सला सांगितलं. बेल्स होता २६ वर्षांचा. त्याने पुढे जाण्याचा निर्णय दिला. टेबलाच्या काचेखाली फोन नंबर, बदल्यांच्या तारखा आणि तिरुपतीचा फोटो ठेवणाऱ्या आपल्या कचेऱ्यांनी या मुलाचं नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि परत निघताना तर कहरच. यानात दोघं अवजड पोशाखांत वावरत होते, कोणाचा तरी धक्का लागला आणि वर जाणाऱ्या इंजिनाच्या बटणाचा खटका मोडून खाली पडला. हेच ते इंजिन, ज्याच्यासाठी वरचा माणूस सहा महिने धास्तावला होता. ऑल्ड्रिनने खिशातलं स्केचपेन काढलं, भोकात खुपसलं आणि बटण दाबलं. करोडो डॉलर, तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर, आणि शेवटी स्केचपेन! आपल्या एसटी डेपोतल्या कुठल्याही मेकॅनिकला यात नवल वाटणार नाही. परतल्यावर याच ऑल्ड्रिनने प्रवासखर्चाचं बिल भरलं: ह्यूस्टनहून केप केनेडी, तिथून चंद्र, चंद्राहून प्रशांत महासागर, हवाई बेट, परत ह्यूस्टन. जेवण-राहणं सरकारी, म्हणून मंजूर रक्कम ३३ डॉलर ३१ सेंट. टीए बिल म्हणून भरलेला याहून सुंदर कागद मी पाहिलेला नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की म्हातारा भक्तीत बुडालाय. तसं नाही. ही भक्ती बरीचशी घडवून आणलेली होती, हेही सांगतो. ९ एप्रिल १९५९ ला अमेरिकेने पहिले सात अंतराळवीर जगापुढे आणले. त्याच वर्षी 'लाइफ' साप्ताहिकाने सातही कुटुंबांच्या खासगी कहाण्यांचे हक्क पाच लाख डॉलरना विकत घेतले. तेव्हा तो सुखी संसार, ती शूर बायको, तो कुत्रा, हे सगळं निवडून, धुऊन, इस्त्री करून छापलेलं होतं. कोणाचा संसार मोडायला आला होता, कोणाचं पिणं वाढलं होतं, ते नंतर बाहेर आलं. बायकांना त्या तुकडीत जागा नव्हती. १९६२ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्या सातांतल्या जॉन ग्लेनने सांगितलं की बायका यात नाहीत ही आमची समाजरीत आहे. हाच ग्लेन त्या वर्षी फेब्रुवारीत उड्डाणाच्या आधी हटून बसला होता, की संगणकाने काढलेले आकडे त्या बाईकडून तपासून घ्या. ती बाई म्हणजे कॅथरीन जॉन्सन, कृष्णवर्णीय गणिती. तिचं गणित हवं होतं, यानातली जागा द्यायची नव्हती. ग्लेन मला तरीही आवडतो. पण ज्याच्यावर माया आहे त्याची झाडाझडती घ्यायची नाही, असा नियम मी घरातही पाळलेला नाही.

चांद्रवीरांचं मुंबईतलं स्वागतही राजकारणच होतं. २६ ऑक्टोबर १९६९, रविवार. निक्सन सरकारने तिघांना, बायकांसह, महिनाभराहून मोठ्या जगप्रदक्षिणेवर पाठवलं होतं, त्यात मुंबई होती. रस्त्यांवर आणि आझाद मैदानावर लाखो लोक लोटले. आठ वर्षांपूर्वी १९६१ मध्ये युरी गागारीन आला तेव्हाही मुंबई अशीच लोटली होती. म्हणजे मुंबईकरांनी अमेरिकेला मत दिलं किंवा रशियाला दिलं, असं काही नव्हतं. त्यांना वर जाऊन आलेला माणूस बघायचा होता. पुढे १९७१ च्या डिसेंबरात त्याच निक्सनचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं आणि गावोगाव अमेरिकेला शिव्या पडल्या. पण गणपतीच्या वेळी आमच्या आळीतल्या पोरांनी बांबूच्या कामट्या आणि सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद यांचं जे चार पायांचं यान केलं होतं, ते कोणाच्या तरी माळ्यावर तसंच होतं. ते मोडावंसं कोणाला वाटलं नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. मला विचाराल तर अपोलो या चांद्रमोहिमेची खरी तारीख २० जुलै नाही, २७ जानेवारी १९६७ आहे. त्या संध्याकाळी केप केनेडीच्या ३४ क्रमांकाच्या तळावर गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघं यानात बसले होते. उड्डाण नव्हतं, रंगीत तालीम होती. खालच्या रॉकेटमध्ये इंधन भरलेलं नव्हतं, म्हणून कागदावर या चाचणीची नोंद 'धोकादायक नाही' अशी होती. त्यामुळे आग विझवणारं पथक आणि डॉक्टर यांची तयारी धोक्याच्या चाचणीला असते तशी नव्हती. यानात मात्र शुद्ध ऑक्सिजन भरला होता, आणि तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने. नायलॉनची जाळी, वेल्क्रो, फोम असं जळाऊ सामान जागोजागी. दार आतल्या बाजूला उघडणारं. आतला दाब वाढला की ते चौकटीवर आणखी घट्ट बसणार. सगळं सुरळीत असतानासुद्धा ते उघडायला किमान दीड मिनिट लागायचं. कुठेतरी तारेवर ठिणगी पडली. आग लागल्याचं आतून ओरडून सांगितल्यापासून पंधरा-वीस सेकंदांत आवाज थांबला. बाहेरच्या माणसांनी धुरात गुदमरत दार उघडलं, तोवर पाचेक मिनिटं गेली होती.

खाणीत मी शिकलेली आणि पुढच्यांना शिकवलेली एकच गोष्ट असेल तर ती ही: ज्या जागेला आपण धोक्याची म्हणतो, तिथे माणूस जपून पाय टाकतो. मायनिंग सरदार दिवा घेऊन वायू तपासतो, छताला ठोकून आवाज ऐकतो, ओव्हरमन सही करतो. अपघात होतो तो 'आज काय, नेहमीचंच काम' म्हणून उतरलेल्या पाळीत. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी फुटून पावणेचारशे माणसं गेली, तीसुद्धा रोजच्यासारखीच पाळी होती. ग्रिसमला यान नीट नाही हे माहीत होतं आणि तो ते बोलूनही दाखवायचा. तरी तो बसला. याला शौर्य म्हणतात, आणि ते आहेच. पण सुरक्षा अधिकाऱ्याला अशा शौर्याचा राग येतो. माणसाच्या शौर्यावर यंत्रातली कसर भरून काढायची, ही व्यवस्थापनाची जगभरची जुनी खोड आहे.

मात्र त्यांनी पुढे काय केलं ते बघा. माणसं पाठवणं वीस महिने थांबवलं. दार बाहेर उघडणारं आणि काही सेकंदांत उघडणारं केलं. तळावर असताना यानात शुद्ध ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन मिसळलेली हवा भरायला लागले. पोशाखाचं कापड न जळणारं विणलं. हजारो बदल, आणि प्रत्येक बदलाचा कागद. चंद्रावर जाणारी वाट या कागदांमधून गेली. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी जाताना त्या तिघांच्या मोहिमेचं बोधचिन्ह बरोबर नेलं. त्याच पिशवीत युरी गागारीन आणि व्लादिमीर कोमारोव यांची पदकं होती. शीतयुद्धाच्या ऐन भरात, प्रतिस्पर्ध्यांची. आणखी होती एक नाण्याएवढी सिलिकॉनची चकती, जिच्यावर ७३ देशांच्या प्रमुखांचे संदेश सूक्ष्म अक्षरांत कोरले होते. त्यात इंदिरा गांधींचा आहे. या घटनेतून शांततेचं युग यावं, अशी इच्छा त्यांनी त्यात व्यक्त केली आहे. ही पिशवी ऑल्ड्रिन विसरला होता. तो शिडी चढत असताना आर्मस्ट्राँगने आठवण करून दिली, तेव्हा त्याने ती खिशातून काढून खाली टाकली. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी छापलेल्या गोष्टींचं सगळीकडे असंच होतं.

आता एक प्रश्न, जो विदर्भात हा विषय काढला की पाच मिनिटांत येतोच: इकडे प्यायला पाणी नाही, कापसाला भाव नाही आणि चंद्राचं कौतुक कसलं? हा प्रश्न आपला एकट्याचा नाही. अपोलोवर अमेरिकेचे सुमारे २५ अब्ज डॉलर खर्च झाले. उड्डाणाच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ ला, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ ॲबरनाथी हे गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाडीला घेऊन केप केनेडीच्या दाराशी आले. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले. उद्या बटण न दाबल्याने तुमची गरिबी हटणार असेल तर मी बटण दाबणार नाही, अशा अर्थाचं पेन बोलले. काही कुटुंबांना त्यांनी उड्डाण पाहायचे पास दिले आणि जाणाऱ्यांसाठी प्रार्थना करा अशी विनंती केली. ॲबरनाथी हो म्हणाले. मागणी त्यांनी मागे घेतली नाही, आणि तिघं सुखरूप यावेत असंही त्यांना वाटत होतं. पेन यांचा युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही. पैसा कुठे जातो हे बटण दाबण्याच्या दिवशी ठरत नाही, दहा वर्षं आधी ठरतं. पण ॲबरनाथींचं वागणं मला समजतं. राजूरच्या चुनाभट्ट्यांवर राबणारी माणसंही तेव्हा चांद्रवीरांचं विचारायची, आणि मजुरीचंही विचारायची.

शेवटी आजचं थोडं. आता आपण अंतराळवीर फार पाहतो, हातातल्या फोनवर पाहतो. कल्पना चावला, सुनीता विल्यम्स, राजा चारी, आणि २०२५ च्या जूनमध्ये अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशू शुक्ला. अभिमान वाटतो, वाटावाच. पण एक फरक पडलाय. माणूस वर गेला की आपण आधी त्याचं मूळ गाव शोधतो. आर्मस्ट्राँगचं मूळ गाव शोधून आपल्याला काही मिळणार नव्हतं. तो ओहायोतल्या वापाकोनेटाचा आहे, हे सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं आणि ते नाव म्हणताना आमची हसून पुरेवाट झाली होती. त्याच्याशी नातं लावायला काही धागाच नव्हता, तरी त्याची काळजी वाटली.

५ जून २०२४ ला आठवडाभरासाठी वर गेलेले दोघं यानातल्या बिघाडामुळे नऊ महिने अडकले आणि १८ मार्च २०२५ ला परत आले. सुनीता विल्यम्स यांच्यासाठी गुजरातेत त्यांच्या वडिलांच्या झुलासण गावी देवळात प्रार्थना झाली, आणि आपल्या इथेही घराघरांत चौकशी होती. त्यांच्याबरोबर तेच यान, तेवढेच २८६ दिवस आणि तीच अनिश्चितता सोसलेला दुसरा माणूस होता. इथे येण्याआधी मी गावात पाच-दहा जणांना त्याचं नाव विचारलं. सुनीताताईंचं नाव सगळ्यांनी सांगितलं. दुसऱ्याचं एकानेही नाही. एकाने उलट मलाच विचारलं, "दुसरा होता का?"

बुच विल्मोर. टेनेसीचा आहे.